दवाखान्यातली मंगलाष्टकं

दिनांक : २२ फेब्रुवारी, रविवार.
स्थळ : अक्कलकोट रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय, सोलापूर.
हजर : मी. आवाजासाठी इस्माईलभाई. वधू पल्लवी, तिची आई महानंदाबाई आणि वळसंगची मंडळी. वराकडून त्याचे आजोबा तात्या आणि बार्शीची मंडळी. गुरुजी. वाजंत्री.
दवाखान्यात हजर : आमचे यजमान, एक लॅपटॉप, दोन चार्जर.
गैरहजर : वधूचा मामा सिद्राम. काम त्याचंच होतं.

माझ्या प्रत्येक कामाच्या कागदावर वरच्या बाजूला एवढं लिहिलेलं असतंच. कोण कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय मी एकही वायर उलगडत नाही. प्रोजेक्टर, पडदा आणि साउंड भाड्याने द्यायचा माझा धंदा आहे. शाळांची स्नेहसंमेलनं, बँकांच्या सभा, डॉक्टरांची व्याख्यानं, लग्नं, वाढदिवस, एकसष्टी, सगळीकडे आम्ही जातो. इस्माईलभाई आवाज बघतात, मी चित्र बघते. ते मला अक्का म्हणतात, म्हणून गावही अक्काच म्हणतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे? वायर खुपसली की पडद्यावर चित्र. तसं असतं तर आम्ही कधीच घरी बसलो असतो. या धंद्यात तीन प्रश्न असतात. चित्र कुठून येतंय, आवाज कुठून येतोय आणि वीज कुठून येतेय. गिऱ्हाईक या तिन्हींना एकच वायर समजतं. हल्लीच्या एचडीएमआय वायरमधून चित्र आणि आवाज एकत्र येतात हे खरं, पण ती वायर जाते प्रोजेक्टरमध्ये, आणि प्रोजेक्टरचा स्वतःचा आवाज म्हणजे डब्यातला भुंगा. सभागृह भरायचं तर आवाज लॅपटॉपमधून वेगळा काढून मिक्सरमध्ये न्यावा लागतो. मिक्सर म्हणजे काय, तर नळांची रांग. प्रत्येक वायरीला एक नळ. कुणाचा आवाज किती सोडायचा आणि कुणीकडे सोडायचा, ते नळ फिरवून ठरवायचं. बाकी सगळी विद्या त्या नळांवरच्या बोटांत.

विजेचं सांगायचं तर, बार्शीच्या एका शाळेत स्पीकरमधून सारखं घुंऽऽ येत होतं. मुख्याध्यापकांनी एकेक पंखा बंद केला, मग शिपायाला माळ्यावर गांधीलमाश्यांचं पोळं शोधायला चढवलं. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डात, एवढंच कारण होतं. मी चार्जर उपसला, घुं थांबलं. शिपाई माळ्यावरून ओरडला, "सर, गेल्या माश्या!" मुख्याध्यापकांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

पडद्याचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती दुसऱ्या कुठल्या गावात घडणार नाही. आमच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखानदारांनी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांना नव्या डिझाइन्स दाखवायला प्रोजेक्टर मागवला. पडदा मात्र नको म्हणाले.

"चादरींच्या गावात पडद्याला भाडं द्यायचं? माझ्याकडे पांढरी चादर नाही का?"

होती. पांढरीशुभ्र, दुहेरी, आणि विणीतच पांढऱ्यावर पांढरे मोर. साध्या उजेडात मोर दिसत नव्हते. प्रोजेक्टरचा झोत पडताच सगळे जागे झाले. मी लॅपटॉपपाशी वाकून म्हटलं, "शेठ, आता डुप्लिकेट करते," म्हणजे लॅपटॉपवर दिसतं तेच पडद्यावर. शेठ ताडकन उभे राहिले. "अक्का, पाहुण्यांसमोर काय बोलताय! आमच्याकडे डुप्लिकेट काही नसतं!" नकली सोलापुरी चादरींनी आधीच पोळलेला माणूस. त्यांच्या पत्नी तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि शेठ खाली बसले. त्यांनी पुढे सगळ्या डिझाइन्स दाखवल्या, फुलं, चौकडे, वेली, आणि प्रत्येकीत मोर. शेवटी व्यापाऱ्यांनी ऑर्डर दिली ती पडदा म्हणून टांगलेल्या चादरीची. तेव्हापासून शेठ प्रत्येक सभेला मलाच बोलावतात, आणि पडदा नकोच म्हणतात.

आता फेब्रुवारीतलं काम.

लग्नाआधीच्या गुरुवारी दुकानात दोघी आल्या. महानंदाबाई आणि त्यांची मुलगी पल्लवी, हातावर मेंदी, पायात चपला उलटसुलट.

"ताई, लगीन रविवारी हाय आन् माझा भाऊ झाडावरनं पडलाय," महानंदाबाई म्हणाल्या.

"कुठल्या झाडावरून?" मी उगाचच विचारलं.

"लिंबाच्या. शेळ्यास्नी पाला काढाय चढला. म्हनलं, लग्नघर हाय, एक दिस कडब्यावर राहतील शेळ्या. ऐकतोय कुटं! आता मांडीचं हाड मोडून हितं दवाखान्यात पडलाय. पायाला वजनं टांगल्यात."

"मग माझ्याकडे काय काम?"

पल्लवी म्हणाली, "मामा मंगलाष्टकं म्हननार हाय. दवाखान्यातनं."

सिद्राममामा हा मेंढपाळ माणूस. ओढ्यापलीकडची मेंढरं हाकेसरशी परत फिरवणारा गळा. वळसंगमध्ये लग्न ठरलं की लोक आधी सिद्रामला विचारतात, मग कार्यालय बघतात. तो घरागणिक नवी अष्टकं जुळवतो. पल्लवी शाळेत असताना तिने त्याला एका लग्नात विचारलं होतं, "माझ्या लग्नात हीच म्हणशील?" तो म्हणाला होता, "तुजी येगळी करतो की." आणि त्याने केली होती. आठ. एकात वळसंगची विहीर, एकात तिची शाळेची वाट, एकात पहिल्यांदा तिने धरलेलं कोकरू. ती आठ अष्टकं त्याने आजवर कुणालाही ऐकवलेली नव्हती.

"दुसरं कुनीबी म्हनंल," पल्लवी म्हणाली. "गुरुजी म्हनतील. पन मग मला लगीन लागल्यासारखं वाटायचं न्हाय, अक्का."

मी हो म्हटलं. मग कागद घेऊन बसले आणि मुद्दे काढले, तेव्हा आपण काय कबूल केलंय ते कळलं.

फोनवरून बोलणं आणि फोनवरून मंगलाष्टक म्हणणं यात फरक आहे. व्हिडिओ कॉलवर एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला थोडा वेळ लागतो. कधी सेकंद, कधी दोन-तीन. बोलताना ते चालून जातं. पण मंगलाष्टक ही एकट्याने म्हणायची गोष्टच नाही. म्हणणारा 'शुभमंगल' म्हणतो, सगळा मांडव 'सावधान' म्हणतो, अक्षता पडतात, आणि त्या पडण्याच्या तालावर म्हणणारा पुढचं अष्टक उचलतो. तो ताल दवाखाना आणि कार्यालय यांच्यामध्ये कुठेतरी हवेत लोंबकळणार होता.

शनिवारी रंगीत तालीम घेतली. आमचे यजमान निवृत्त झाल्यापासून मोकळेच आहेत. त्यांना लॅपटॉप देऊन सिद्राममामाच्या खाटेपाशी बसवलं. मी आणि इस्माईलभाई कार्यालयात. पडद्यावर मामा दिसू लागला. डोक्याला फेटा, अंगात नवा सदरा, आणि मागे कप्पीवरून लोंबणारं वजन. त्याने कानावर हात ठेवला आणि पहिली ओळ उचलली. मी खरं सांगते, माझ्या हातातली टेप खाली पडली. काय गळा होता! पण दुसऱ्या ओळीला तो अडखळला, तिसरीला थांबला.

"कोन रं मला वेडावतंय?"

"कुणी नाही, मामा."

"न्हाय कसं? मी म्हनतोय ते मागनं कोनतरी म्हनतंय. माज्याच आवाजात!"

त्याचाच आवाज होता तो. कार्यालयातल्या स्पीकरमधून निघालेला, गुरुजींच्या माइकमध्ये शिरलेला आणि उशिराने त्याच्याकडे परत गेलेला. स्वतःचा आवाज मागाहून कानावर आला तर भलाभला माणूस चाचरतो. उपाय सोपा. मिक्सरवरचा परतीचा नळ बंद केला. म्हणजे मामाचा आवाज इकडे येईल, इकडचा तिकडे जाणार नाही.

मामा पुन्हा लागला. या वेळी सलग म्हणाला. पण 'सावधान' झालं आणि पडद्यावर त्याचा चेहरा उतरला.

"अक्का, मानसं हायेत का गेली?"

मी नळ उघडून म्हटलं, "मामा, आज तालीम आहे. उद्या असतील."

"आसली तरी मला काय कळनार? ऐकू तर काय येईना. मानसांबिगर म्हनायचं म्हंजी भिताडाला सांगितल्यावानी."

इस्माईलभाई म्हणाले, "अक्का, बराबर बोलते मामू. हमारे कव्वालीमें बी लोगां वाहवा नै करे तो गानेवालेका गला बैठता."

शेवटी असं ठरलं. ऐकू येणार नसलं तरी दिसेल. मी मांडवाकडे तोंड करून कॅमेरा लावेन. अष्टक संपलं की मामाने थांबायचं, लॅपटॉपवर अक्षता पडताना बघायच्या, आणि त्या पडल्या की पुढचं उचलायचं. त्यामुळे दर अष्टकानंतर थोडी रिकामी जागा राहणार. ती रिकामी जागा सगळ्यांना आधी सांगून ठेवायची.

मी सांगून ठेवलं. गुरुजींना सांगितलं. आंतरपाट धरणाऱ्या दोघा भावांना सांगितलं, गुरुजींशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. वराच्या आजोबांना, तात्यांना सांगितलं. बार्शीत त्यांची धान्याची आडत आहे. सरळ नाकाचे, सरळ बोलायचे.

"म्हणजे पडद्यावरचा माणूस आमच्या नातवाचं लग्न लावणार?"

"लग्न गुरुजीच लावणार, तात्या. मामा फक्त मंगलाष्टकं म्हणणार."

"म्हणू दे. पण मुहूर्त चुकला किंवा तुमचं यंत्र अडलं, तर ते बंद करायचं आणि गुरुजींनी पुढं न्यायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं.

वाजंत्र्यांनाही सांगितलं. सनई, हलगी, ताशा, सगळे दाराजवळ उभे असतात. शेवटच्या अक्षतेला ते जोरात सुरू होतात, आणि ते वाजले म्हणजे लग्न लागलं, हे लहान पोरालाही कळतं. मधल्या शांततेत त्यांनी फसून वाजवू नये म्हणून सनईवाल्या काकांना मी बजावलं, "काका, गप्प झालं म्हणून वाजवायचं नाही. मी मिक्सरपाशी उभी असेन. मी हात वर केला की वाजवायचं. त्याआधी नाही."

"तुमी हात वर केला की. बास," काका म्हणाले.

आता या वाक्यात काय चुकलं ते तुम्हाला कळलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. मी एवढी कागदावर सगळं मांडणारी बाई, मला ते कळलं नाही. इस्माईलभाईंनाही नाही. काकांना तर नाहीच.

रविवारी मुहूर्त दुपारचा होता. मांडव गच्च. मामा पडद्यावर माणसाच्या चौपट मोठा. गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि सगळे एकदम पडद्याकडे बघून हसले. मामाही हसला, थोडा उशिराने. त्याच्या जागी धाकट्या चुलत्याने पल्लवीला आणून उभं केलं. आंतरपाट धरला गेला. मी परतीचा नळ बंद केला आणि यजमानांना दुसऱ्या फोनवर म्हटलं, "सुरू करा म्हणावं."

पहिलं अष्टक विहिरीचं. 'शुभमंगल' आलं, मांडवाने 'सावधान' म्हटलं, अक्षता पडल्या. मग रिकामी जागा. मामाचे डोळे पडद्यावर काहीतरी शोधत होते. मग त्याला अक्षता दिसल्या आणि त्याने दुसरं उचललं. गुरुजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. जमत होतं. तात्यासुद्धा मागे रेलून बसले.

तिसरं अष्टक शाळेच्या वाटेचं. चिखल, तुटलेली चप्पल, मामाच्या खांद्यावरून शाळेत गेलेली पल्लवी. आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. माझ्या हातात कुणीतरी मघाशीच अक्षता ठेवल्या होत्या. इतकी वर्षं मी लग्नाला जाते ती वायरी बघायला. पडद्यामागे उभी राहते, लग्न कधी बघत नाही. त्या दिवशी मात्र बघत होते. 'शुभमंगल' आलं, मी सगळ्यांबरोबर 'सावधान' म्हटलं, आणि सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या.

अक्षता टाकायला हात वर करावा लागतो.

सनईवाले काका शब्दाचे पक्के. माझा हात वर गेला आणि हलगी कडाडली, ताशा सुटला, सनईने वरचा सूर धरला. मांडवाला वाटलं, लग्न लागलं. हातातल्या, पिशवीतल्या, पदरातल्या उरलेल्या सगळ्या अक्षता एकदम उडाल्या. बाहेर कुणी माळ लावली फटाक्यांची. जेवणाच्या हॉलकडे अर्धी बार्शी वळली. गुरुजी माइकवर ओरडत होते, "थांबा! थांबा!" पण ताशापुढे कोण ऐकतंय? मी दोन्ही हात हलवून काकांना थांबायची खूण केली. हात वर बघून त्यांनी आणखी जोरात धरलं.

इस्माईलभाई धावत गेले आणि त्यांनी हलगीवाल्याच्या हातातल्या काड्याच काढून घेतल्या. हळूहळू सगळं थांबलं.

"किसने इशारा दिया?" मी त्यांच्यावरच खेकसले.

"हात तुमीच उपर करे ना अक्का," इस्माईलभाई म्हणाले. "अब किसकू बोलते?"

शांत झाल्यावर पडद्याकडे माझं लक्ष गेलं. मामाला आवाज जात नव्हता. त्याला फक्त दिसलं होतं. सगळ्या अक्षता एकदम पडल्या, माणसं उठली, पांगली. तो फेटा काढून हातात धरून बसला होता. स्पीकरमधून बारीक आवाज आला. "लागलं व्हय लगीन? माजी पाच ऱ्हायली की."

तात्या उभे राहिले. "बास झालं. मुहूर्ताला अजून वेळ आहे आणि इथं मांडव उधळला. मी सांगितलं होतं. बंद करा ते. गुरुजी, तुम्ही म्हणा पुढचं."

कबूल मीच केलं होतं. माझा हात लॅपटॉपकडे गेला. तेवढ्यात आंतरपाटामागून आवाज आला.

"आंतरपाट खाली आलेला न्हाय."

पल्लवी बोलली होती. नवरीने आंतरपाटामागून बोलायचं नसतं. सगळे तिकडे वळले. ते दोघे भाऊ एवढ्या गोंधळात दगडासारखे उभे होते, चार हातांत कापड ताणलेलं. मी त्यांना सांगितलं होतं ना, गुरुजींशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. माझं एवढं एक सांगणं तरी त्या दिवशी कामी आलं.

"पोरगी म्हणते ते बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "पाट धरलेला आहे, माळा घातलेल्या नाहीत. लग्न लागलेलं नाही. मुहूर्तही टळलेला नाही. पण पुढं कुणी म्हणायचं, ते तुम्ही घरची माणसं ठरवा."

मी पुढचं कुणाला विचारून केलं नाही. परतीचा नळ उघडला, म्हणजे मांडवाचा आवाज मामाकडे जाऊ लागला, आणि मी माइकवर म्हटलं, "मामा, लग्न लागलेलं नाही. वाजंत्री चुकून वाजली. तात्या समोर आहेत. तुम्हीच बोला."

दोन-तीन सेकंद मामा तसाच बसून राहिला. मग शब्द पोचले आणि त्याने मान वर केली. घाईघाईने फेटा डोक्यावर ठेवला, वाकडाच.

"तात्या, रामराम," तो म्हणाला. "मी मोडका मानूस. पोरीला उचलून आनता आलं न्हाय. तुमच्या पाया पडाय उटता येत न्हाय. गळा तेवढा शाबूत हाय. पोर देतोय तुमाला, तर त्येच्यासंगं गळाबी घ्या की. पाचच ऱ्हायल्यात."

महानंदाबाई पडद्याजवळ गेल्या. भावाच्या त्या भल्यामोठ्या चेहऱ्याकडे बघत कानडीत म्हणाल्या, "हाडो तम्मा, हाडो." गा रे बाळा, गा.

तात्यांनी घड्याळ बघितलं. मग खाली बघितलं. सगळा मांडव पिवळा-तांबडा झाला होता, आणि कुणाच्याही हातात एक दाणा नव्हता.

"अहो, पण टाकणार काय?" ते म्हणाले. "अक्षता सगळ्या जमिनीवर. पायाखालच्या उचलून परत टाकणार?"

आचाऱ्याकडे माणूस पळाला आणि परत आला. तांदूळ सगळा मसालेभातात गेला होता.

तात्यांनी पुन्हा एकदा घड्याळ बघितलं. मग त्यांनी मागे वळून ड्रायव्हरला हाक मारली, "गणपत! जीपमधली नमुन्याची ज्वारी आण. दोन्ही पिशव्या."

आडत्याच्या गाडीत नमुन्याचं धान्य कायम असतं. बार्शीच्या बाजारात दाखवायला आणलेली मालदांडी, मोत्यासारखी. तात्यांनी स्वतः पिशवीचं तोंड सोडलं. हळद-कुंकू लावायला वेळ नव्हता. ओंजळी भरत गेल्या. एक म्हातारे गृहस्थ दाणा दाताखाली धरून म्हणाले, "माल झकास आहे हो, तात्या." तात्या म्हणाले, "खाऊ नका, टाका."

"चौथ्यापासून धरा," गुरुजी म्हणाले. "झाली ती झाली."

या वेळी मी एक बदल केला. मामा म्हणत असताना परतीचा नळ बंद. 'शुभमंगल' आलं की उघडा. म्हणजे मांडवाचं 'सावधान' त्याला ऐकू जाईल, स्वतःचा आवाज जाणार नाही. पुढचं उचलायच्या आत पुन्हा बंद. हे शनिवारीच सुचायला हवं होतं. सगळा खेळ एका बोटाचा, आणि ते बोट एक क्षण चुकलं तर मामा पुन्हा अडखळणार. मी अक्षता घेतल्या नाहीत. इस्माईलभाई हलगीवाल्याच्या काड्या पाठीमागे धरून उभे होते, त्यांना सांगितलं, "मी मान हलवीन. हात नाही."

चौथं अष्टक कोकराचं. 'शुभमंगल.' मी नळ उघडला. मांडव 'सावधान' म्हणाला, मघापेक्षा दुप्पट जोरात. ज्वारीचे दाणे पडताना तांदळासारखे हळू पडत नाहीत, टपटपतात. मग रिकामी जागा आली. मामाने कान पुढे केला. पडद्यावर त्याचा चेहरा वाट बघत होता. आणि मग तो आवाज, ती टपटप, तीनेक सेकंदांचा रस्ता कापून त्याच्यापर्यंत पोचली. मी चित्रं दाखवायचाच धंदा करते, पण चेहरा असा उजळताना कुठल्याही पडद्यावर मी बघितलेला नाही.

पाचवं, सहावं, सातवं. आठव्याच्या शेवटी गुरुजींनी बोट वर केलं, मी मान हलवली, इस्माईलभाईंनी काड्या परत केल्या आणि मांडव हादरला. आंतरपाट खाली आला. मुहूर्त गाठला होता. तात्यांनी शेवटची मूठ पडद्याकडे टाकली, थेट मामाच्या फेट्यावर. पडदा गुंडाळताना अजूनही एखादा दाणा निघतो.

दवाखान्यातला वृत्तांत यजमानांनी घरी आल्यावर दिला. शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांनीही अक्षता टाकल्या. सिस्टर रागावल्या, "फरशी कोण झाडणार?" आणि मग त्यांनीही टाकल्या.

ही गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण काम संपलेलं नाही.

लग्नाचं चित्रण मी केलं आहे. पडद्यावरचा मामा आणि मांडव, दोन्ही. मामा आता घरी आला आहे. वॉकर सोडून काठीवर चालतो. शेळ्यांना पाला दुसरं कुणी काढतं. त्याला ते चित्रण वळसंगच्या शाळेपुढे मोठ्या पडद्यावर गावाला दाखवायचं आहे. पण त्याने फोनवर एक अट घातली.

"अक्का, त्या मदल्या फटी कापा. गावाला वाटंल, सिद्रामला पुडचं आठवंना म्हनून गप बसलाय. माजं नाव हाय जरा."

बार्शीहून पल्लवीचाही फोन आला. "अक्का, काही कापू नका हं. त्या रिकाम्या जागेत मामा आमच्याकडं बघतोय."

दोन प्रती करा, असं तुम्ही म्हणाल. इस्माईलभाईही तेच म्हणाले. मलाही तेच पटतं, आणि पल्लवीची प्रत मी केव्हाच पाठवली. मामाची राहिली. ते काम एका दुपारचं आहे. माझ्या कागदावर ते मार्चपासून आहे, 'वळसंग, फटी कापणे', आणि दर महिन्याला मी ते नव्या कागदावर उतरवते.

काल मामाचा परत फोन आला. "झालं का, अक्का?"

"बसलेच आहे की त्यालाच," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. बसलेच होते. चौथ्या अष्टकानंतरची फट समोर होती, बोट बटणावर होतं, आणि मामा कान पुढे करून वाट बघत होता.